मागावरच

फोन लागला तेव्हा आधी माग ऐकू आला, मग तो. खटाखट खटाखट असा एकसारखा आवाज आणि त्याच्या आतून कुठूनतरी "हॅलो, हॅलो, कोन बोलायलंय?" मी नाव सांगितलं. ऐकू गेलं नाही. शाळेचं नाव सांगितलं, मग परत माझं. "बाई!" तो ओरडलाच. आनंद झाला होता त्याला, आवाजात कळत होतं. तब्येत कशी आहे, कुठं असता, गुडघे दुखतात का, असं सगळं त्यानंच विचारून घेतलं. मग मी समोरच्या कागदाकडं बघत विचारलं, "सध्या काय करतोस रे?" क्षणभर नुसताच माग ऐकू येत राहिला. "मागावरच हाय की, बाई." एवढंच म्हणाला. मी "बरं बरं, छान" म्हटलं, मेळाव्याची तारीख सांगितली आणि फोन ठेवला. कागदावर त्याच्या नावापुढं 'पद' असा रकाना होता. तो मी कोरा सोडला. दुपारभर ते 'मागावरच' कानातून जाईना. त्या शब्दाच्या शेवटी जो 'च' होता, तो मी ओळखत होते. तो माझाच होता, तीस वर्षांपूर्वीचा.

शाळेला यंदा पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका काढायची ठरली आणि तिच्यात माजी विद्यार्थ्यांच्या यशाचा एक मोठा विभाग. नव्या शिक्षकांनी मुलांचे ग्रुप शोधून काढले, फॉर्म तयार केला: नाव, दहावीचं वर्ष, पद, संस्था, शहर, फोटो. जुन्या बॅचेसची मुलं मात्र या शिक्षकांना ओळखत नाहीत, म्हणून ती मंडळी माझ्याकडं आली. "बाई, तुमचा आवाज ऐकला की लगेच बोलतील." मलाही बरं वाटलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, घरात दोघंच, मुलगा पुण्याला. सकाळी स्वयंपाक उरकला की वही घेऊन बसायचं आणि दुपारपर्यंत पाच-सहा फोन लावायचे. कुणी रडलं, कुणी कविता म्हणून दाखवली, एकानं तर माझ्या हातचा मार कुठल्या दिवशी आणि कशासाठी खाल्ला होता तेही सांगितलं.

यादी बघाल तर अभिमान वाटेल अशीच आहे, ते आधी सांगते. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक, दत्त नगर, तिकडची मुलं. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू-मराठी-कन्नड असं सगळं एकत्र, आणि शाळेत आमचं पुस्तकी मराठी. बाप मागावर, आई विड्या वळणारी. या घरांतून निघालेली मुलं आज हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहेत, हैदराबादला आहेत, एक सीए आहे, एक फौजदार आहे, दोघं सैन्यात. एक मुलगी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. ती माझ्या वर्गात असताना तिच्या वह्यांना जर्दाचा वास यायचा. घरी तेंदूची पानं भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. संध्याकाळी शाळेतून गेली की ती पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं पानं कापायची, आई शेजारी बसून वळायची. मांडीवर सूप. हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. त्यातल्या काही कारखान्यात गेल्यावर छाट म्हणून बाजूला पडायच्या, त्याचे पैसे नाहीत. मुलीनं मला एकदा सांगितलं होतं की पाढे ती कात्रीच्या तालावर म्हणते. फोनवर मी विचारलं, आई कुठं असते? तर म्हणाली, कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात, घर आईच्या नावावर आहे. कामगार नेते आडम मास्तरांनी लढून उभी केलेली ती दहा हजार घरांची वसाहत. "बाई, फॉर्मात आईचं लिहायला जागा नाही," असं ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सहज. मी वहीच्या समासात लिहून ठेवलं.

त्या काळी वर्गात शिरलं की दोन वास यायचे, तंबाखूचा आणि सुताचा. मुलांच्या केसांत कापसाचं तूस अडकलेलं असायचं, तेल लावलेल्या केसांत तर जास्तच. बाकावर बसून ती एकमेकांच्या डोक्यातलं तूस वेचायची. आणखी एक गोष्ट मला कळायला दोन वर्षं लागली. ही मुलं बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडं बघत नसत. मी शिकवत असले की त्यांची नजर माझ्या हनुवटीच्या आसपास. मला आधी तो उद्धटपणा वाटला, "डोळे वर कर" म्हणून मी ओरडलेही. मग एकदा एका मुलाच्या घरी गेले. खाली चार माग, वर माडीवर संसार. त्याची आई दारात उभी राहून त्याच्या बापाशी बोलत होती आणि आवाज म्हणून एक नव्हता. नुसते ओठ हलत होते. बाप मागावरून तिच्या ओठांकडं बघून मान हलवत होता, मध्येच हसलाही. पोरं पाळण्यात असल्यापासून त्या खटाखटीत वाढलेली, त्यांना ऐकणं म्हणजे बघणंच. त्यानंतर मी कुणाला डोळे वर कर म्हटलं नाही. तेलुगू मात्र शिकले नाही. चौतीस वर्षं त्या मुलांत काढली आणि 'रा', 'कूर्चो', 'अम्मा', 'नायना' याच्या पुढं गेले नाही, हे आता लिहिताना वाईट वाटतं.

आता ते वाक्य.

१९९४ चा डिसेंबर असेल. दहावीची पूर्वपरीक्षा झाली होती आणि मी पेपर वाटत होते. तो अभ्यासात मठ्ठ नव्हता, उलट गणित चांगलं होतं, चित्रं तर सुंदर काढायचा. पण त्या वर्षी तो सारखा गैरहजर. आला तर झोपलेला. रात्रपाळीला बापाच्या जागी उभा राहतो, हे वर्गातल्या मुलांनी सांगितलं होतं मला. तरी त्या दिवशी भूगोलाचा कोरा पेपर हातात आला आणि माझा तोल गेला. मी त्याला उभं केलं आणि म्हणाले, "असंच चालू ठेव. म्हणजे बापासारखा मागावरच उभा राहशील जन्मभर." वर्ग हसला नाही. एरवी कुणाला बोलणी बसली की ही पोरं तोंड दाबून खिदळायची, त्या दिवशी कुणी हललं नाही. मला वाटलं, धाक बसला. चांगलं झालं. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात निम्म्यांचे बाप त्या क्षणी कुठल्या ना कुठल्या मागावर उभे होते, हे मला का आठवलं नाही, याचं उत्तर आजही माझ्याकडं नाही. तो खाली बघत होता. माझ्या ओठांकडंही नाही.

असं नाही की मला श्रमाची लाज वाटायची. माझे वडील स्वतः गिरणीत, सायझिंग खात्यात. सुताला खळ चढवायचं काम. घरी यायचे तेव्हा अंगाला पिठासारखा आंबूस वास यायचा आणि आई आंघोळीचं पाणी काढूनच ठेवायची. १८७७ ची जुनी गिरणी, मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम मिल. त्या भोंग्यांवर आमचं गाव चालायचं. कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा हे आम्हा मुलांना आवाजावरून कळायचं. शाळेला निघायचं भोंग्यावर, कुकर लावायचा भोंग्यावर. मग एकेक भोंगा बंद होत गेला. वडिलांची गिरणी कधी चालू, कधी बंद असं बरेच दिवस चाललं आणि शेवटी फाटकाला कुलूप लागलं. तरी ते सकाळी डबा घेऊन निघायचे. फाटकासमोर झाडाखाली इतर लोकांबरोबर बसायचे, डबा खाऊन दुपारी परत यायचे. असं किती महिने केलं असेल त्यांनी! मी नुकती नोकरीला लागलेली होते. पहिल्या पगारातून त्यांना पैसे द्यायला गेले तर त्यांनी हात पुढं केला नाही, आईकडं दे म्हणाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी मुलांना 'मागावर जाशील' म्हणायचे तेव्हा माझ्या डोळ्यापुढं तो डबा असायचा. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या मुलाला त्यातलं काय माहीत होतं? त्याला फक्त बापाचं नाव ऐकू आलं असणार.

आणि धाक खोटा होता, असंही मला म्हणता येत नाही. मागावरच्या माणसाचे कान जातात, छातीत कापूस जातो, बारा-बारा तास उभं राहून पायाच्या शिरा फुगतात. विडीवाल्या बायकांची बोटं आणि कंबर. त्यातून मुलं बाहेर पडावीत म्हणून आम्ही जीव तोडून शिकवलं. सकाळी सातला जादा तास, दिवाळीच्या सुट्टीत जादा तास, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पोरांचे कान बाहेरच्या पाळण्यांकडं आणि आम्ही आत समीकरणं सोडवतोय. बाहेर पडा, हेच सांगायचे मी. आणि उदाहरणं द्यायचे ती बाहेर पडलेल्यांचीच. भैय्या चौकातल्या स्मारकाजवळ मुलांना उभं करून डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगायचे. १९१० साली याच गावात जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथंच गेले, वय अवघं बत्तीस. मुलं गप्प होऊन ऐकायची. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, मग ते सोलापूरला परत आलेच नाहीत?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "त्यांच्या आईला किती वाईट वाटलं असेल." मी पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

दुसरी गोष्ट सुशीलकुमार शिंद्यांची. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून लागले, पुढं फौजदार झाले, मग राजकारणात. २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा शाळेत आम्ही पेढे वाटले होते, २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले तेव्हाही वर्गात तीच गोष्ट पुन्हा सांगितली. पट्टेवाल्याचा मुख्यमंत्री! मुलांचे डोळे चमकायचे. आमच्या शाळेचा शिपाई तेव्हा दारात घंटेपाशी उभा असायचा, त्याची दोन मुलं त्याच वर्गात. पट्टेवाला असणं म्हणजे गोष्टीतली पहिली, खालची पायरी, असंच मी सांगत होते. त्या माणसानं दारातून काय ऐकलं असेल, हाही विचार आता या यादीच्या निमित्तानं आला. एकदा सुरुवात झाली की अशी एकेक गोष्ट वर येते.

यादी पूर्ण होत आली तसा माझा डोळा 'शहर' या रकान्यावर जाऊ लागला. पुणे, पुणे, हैदराबाद, पुणे, बंगळूर, मुंबई, पुणे, न्यू जर्सी. कितीतरी पानं उलटल्यावर एखादं सोलापूर. सकाळची हुतात्मा आणि रात्रीची सिद्धेश्वर, या दोन गाड्यांनी नेलेलीच सगळी नावं. स्टेशनवर निरोपाला किती वेळा गेले असेन मी! हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी, डोळे पुसणारी आई आणि 'बाईंच्या पाया पड' म्हणणारा बाप. मुलगा खिडकीतून हात हलवायचा आणि मला वाटायचं, झालं, आपलं एक काम झालं. माझा स्वतःचा मुलगा त्याच हुतात्मानं गेला. आता आठवड्याला व्हिडिओ कॉल करतो, पाणी किती दिवसांनी येतंय ते विचारतो. चार दिवसांनी, पाच दिवसांनी. पाणी आलेल्या रात्री आम्ही दोघं म्हातारे बादल्या भरत बसतो. तो सुखात आहे, मी खूश आहे. दोन्ही खरं आहे, आणि रात्री दीडला नळाशी बसल्यावर कधीकधी डोळे भरून येतात तेही खरं आहे.

वही घेऊन मी शाळेत गेले तेव्हा समितीतल्या एका तरुण शिक्षकानं यादी बघितली. चांगला मुलगा आहे, मनापासून राबतोय. कोऱ्या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं. "बाई, हे यशस्वीमध्ये धरायचं का नाही?" त्यानं खरंच विचारायचं म्हणून विचारलं होतं. पानं मर्यादित, जाहिराती कमी. मी म्हटलं, दोन दिवस थांब. मी स्वतः फॉर्म भरून घेऊन येते.

मे महिना, पारा त्रेचाळीसच्या वर. संध्याकाळी पाचला रिक्षातून उतरले तरी रस्ता पायाला भाजत होता. पूर्व भागातली ती गल्ली मला डोळे मिटून ओळखता आली असती, जमिनीतूनच थरथर येते तळपायाला. आता बरेच लोक टॉवेलकडं वळलेत, नवे माग आलेत. यानं चार जुने माग भाड्यानं घेतलेत आणि तो अजून जेकॉर्डची चादर काढतो. मला बघून त्यानं खांद्यावरच्या पंचानं एक स्टूल पुसलं आणि हातानंच बसा म्हणाला. दाढी पांढरी झालेली. केसांत तूस.

मागाच्या डोक्यावर जेकॉर्ड, आणि त्यातून खाली येणारी पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांब माळ. प्रत्येक पत्त्याला भोकं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक पत्ता पुढं सरकतो, जिथं भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. असे शेकडो पत्ते फिरले की चादरीवर एक मोर उतरतो. मी इतकी वर्षं या गावात, चादरीशिवाय आमच्या घरात थंडी गेली नाही, आणि हे मी पहिल्यांदा नीट बघत होते. एक पत्ता झिजून फाटला होता. त्यानं कसा नवा पुठ्ठा कापून, भोकं मोजून, टोचून, पुन्हा माळेत ओवला ते दाखवलं. बोट ठेवत, ओठ हलवत. गल्लीत कुणाचंही जेकॉर्ड बिघडलं की यालाच बोलावतात, हे शेजारच्या मागावरच्या म्हाताऱ्यानं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र काढलं, आणि त्याच्या भोकांच्या पत्त्यांवरूनच पुढं बॅबेजला आपलं गणितयंत्र तसल्याच पत्त्यांनी चालवायची कल्पना सुचली, हे मी मुलांना कधीतरी सामान्यज्ञानात सांगितलेलं. माझ्या यादीतली हिंजवडीची पोरं आणि हा, दोघंही भोक आहे का नाही एवढ्यावरच काम करतात की. वर्गात त्याची चित्रं सुंदर असायची, ते मला तिथं आठवलं.

मी फॉर्म पुढं केला. त्यानं हात पुसले, पेन घेतलं आणि मागाच्या फळीवर कागद टेकवून नाव लिहिलं. वर्ष लिहिलं. 'पद'पाशी थांबला. मग 'माग' एवढी दोन अक्षरं लिहिली आणि लाईट गेली.

पूर्व भागातली लाईट जाते तेव्हा काय होतं ते तिथं असल्याशिवाय कळायचं नाही. अख्खी गल्ली एकदम थांबते. कान दडपल्यासारखे होतात. कुठंतरी कुकरची शिट्टी, कुणाचं तरी मूल रडतंय, कबुतरांची फडफड, हे सगळं आधीपासून चालूच होतं हे तेव्हा कळतं. तो माझ्याजवळ येऊन खाली बसला. पोरीला हाक मारून त्यानं ताक मागवलं. नववीत आहे, वेणीला रिबन, माझ्या पाया पडली आणि पळाली. "हुशार हाय, बाई," तो अगदी हळू म्हणाला, शांततेत त्याला आवाज कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. "पुण्याला पाठवायचं म्हणतो दहावीनंतर. पण अभ्यासाला बसत नाही, मोबाईल घेती. मी सांगतो की तिला. म्हटलं, शिकली नाहीस तर बापासारखं मागावरच उभं राहायचं बघ जन्मभर."

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याला ते आठवत होतं की नाही, मुद्दाम बोलला की कुठूनसं तोंडात येऊन बसलेलं वाक्य होतं, काही कळेना. तो ताकाच्या पेल्यातली माशी बोटानं बाजूला करत होता. मी जे बोलायला आले होते ते रिक्षात दोनदा मनात म्हणून बघितलेलं, पण आता त्याची सुरुवात सापडेना. तीस वर्षांपूर्वी मी तुला एकदा, असं काहीतरी सुरू केलं. "काय, बाई?" त्यानं मान वर केली.

तेवढ्यात लाईट आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गल्ली पुन्हा खटाखट करू लागली, तो सवयीनं उठून मागापाशी गेला, कांडी बदलली, दांडा ओढला. फॉर्म फळीवर थरथरत होता, मी तो हातानं दाबून धरला. आणि बोलले. जे होतं ते सगळं बोलले, त्याच्या वडिलांचं नाव घेऊन बोलले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्याचा एक हात मागावर होता, धोटा या टोकाहून त्या टोकाला जात होता आणि तो माझ्या ओठांकडं बघत होता.